हे म्हणणे खरे नाही

महाराष्ट्रातल्या कुठल्याही फौजदारी कोर्टातली कुठलीही साक्ष काढून वाचा. उलटतपासाची शेवटची ओळ ठरलेली असते : ‘मी आज कोर्टात खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.’ म्हणजे आरोपीचे वकीलसाहेब साक्षीदाराला म्हणाले, तू खोटं बोलतोयस. साक्षीदार म्हणाला, छे. स्टेनोने ते टाइप केलं, वकीलसाहेब कोट सावरत खाली बसले आणि मागच्या बाकावरच्या पक्षकाराच्या भावाला वाटलं, काय धुतला साहेबांनी! ‘होय हो, खोटंच बोलतोय, चुकलं माझं’ असं सांगणारा साक्षीदार अजून जन्माला यायचा आहे. आपली बाजू साक्षीदारापुढे ठेवावी लागते, तसा नियमच आहे, कबूल. पण कित्येक उलटतपासांत या एका ओळीखेरीज दुसरं काही सापडतच नाही, त्याचं काय?

ही ओळ ज्युनिअरने सीनियरकडून उचललेली असते, सीनियरने त्याच्या सीनियरकडून. बचावाच्या वकिलाची आपल्याकडची प्रशिक्षण संस्था ती हीच. मागच्या रांगेत बसायचं, बॅग धरायची, तारखा घ्यायच्या आणि काही वर्षांनी आपली बॅग धरायला कोणी सापडतो का ते बघायचं. सीनियर चांगला मिळाला तर ज्युनिअरचं नशीब. वाईट मिळाला तर ज्युनिअरचं फारसं बिघडत नाही; पक्षकाराचं बिघडतं, आणि तो ते आत बसून भोगतो.

कागदावर मात्र सगळी व्यवस्था आहे. कायद्याची पदवी घ्या, सनद घ्या. सनदेसाठी राज्यागणिक हजारोंनी पैसे उकळले जात होते, ते सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये थांबवलं. खुल्या वर्गाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. मग बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा. शंभर प्रश्न, पर्याय दिलेले, बेअर अ‍ॅक्ट समोर उघडून बसायची मुभा, आणि पास व्हायला खुल्या वर्गाला ४५ टक्के. म्हणजे पुस्तक समोर असताना पंचावन्न उत्तरं चुकली तरी माणूस खुनाचा खटला चालवायला पात्र. त्यानंतर मरेपर्यंत कोणी काही विचारत नाही. नाही म्हणायला २०१५ पासून वकिलांची पडताळणी सुरू झाली. पण त्यात तपासतात ते पदवी खरी आहे का. त्या पदवीतलं डोक्यात काही शिल्लक आहे का, हा रकाना त्या अर्जात नाही.

सनदेआधी एक वर्ष सक्तीचं प्रशिक्षण द्यावं, असा नियम बार कौन्सिलने १९९५ साली केला होता. १९९९ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, असा नियम करायचा तुम्हाला अधिकारच नाही. २०२३ साली घटनापीठ म्हणालं, होता की अधिकार! मधल्या चोवीस वर्षांत ज्यांनी सनदा घेतल्या, ते आज सीनियर आहेत आणि त्यांच्या बॅगा धरल्या जात आहेत.

डॉक्टरकडे बघा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर पाच वर्षांत ३० क्रेडिट तास दाखवावे लागतात. तिथेही गमतीजमती चालतात, परिषदेला जाऊन बुफेचेच क्रेडिट घेणारे असतात, पण निदान कोणीतरी विचारतं तरी. पोलिसांना नाशिकची अकादमी आहे. न्यायाधीशांना उत्तनला समुद्रकाठी न्यायिक अकादमी आहे, वर भोपाळची राष्ट्रीय आहे. पकडणारा शिकून येतो, निकाल देणारा शिकून येतो. मधे उभा राहून ‘थांबा, हे बरोबर नाही’ म्हणायचं ज्याचं काम, त्याला बार रूम आहे. तिथे एक पंखा, एक कॅरम आणि गेल्या निवडणुकीतली भांडणं.

१ जुलै २०२४ ला मात्र धांदल उडाली. दंडसंहिता गेली, न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहिता गेली, नागरिक सुरक्षा संहिता आली. १८७२ चा पुरावा कायदा गेला, साक्ष अधिनियम आला. आणि गावोगाव एकदिवसीय कार्यशाळांचं पीक आलं.

अशी कार्यशाळा ज्याने पाहिली नाही त्याच्यासाठी वर्णन करतो. वेळ सकाळी दहाची, सुरुवात पावणेबाराला, कारण उद्घाटक वाटेत आहेत. दीपप्रज्वलन, काडी तीनदा विझते. मग सत्कार. शाल, श्रीफळ आणि पर्यावरणाची चाड म्हणून गुच्छाऐवजी तुळशीचं रोप. सूत्रसंचालिका चारोळ्या म्हणतात. प्रास्ताविक करणारे ‘मी फार वेळ घेणार नाही’ म्हणतात आणि पाऊण तास घेतात. ‘ब्रिटिशांच्या गुलामीतून मुक्तता’ या विषयावर तीन भाषणं होतात, तिन्ही सारखी. मग जेवण. जेवणानंतर मुख्य तांत्रिक सत्र, तेव्हा सभागृहात उरतात ते वक्ता, आभार मानणारा आणि जिलेबीने पेंगुळलेले दहाबारा ज्युनिअर. बाकीच्यांना ‘मॅटर’ असतं. सत्रात पडद्यावर एक तक्ता : जुनं कलम, नवं कलम. संध्याकाळी सहभागाचं प्रमाणपत्र आणि गट-फोटो. रात्रीपर्यंत फोटो सगळ्यांच्या स्टेटसला. झालं प्रशिक्षण.

तो तक्ता करमणुकीला बरा आहे, यात शंका नाही. खुनाचं ३०२ आता १०३ झालं. नव्या ३०२ मध्ये धार्मिक भावना दुखावण्याचे शब्द उच्चारल्याबद्दल शिक्षा आहे. चारशेवीसची फसवणूक ३१८ मध्ये गेली आणि न्याय संहितेत कलमंच ३५८ असल्यामुळे चारशेवीस आता फक्त शिवीतच उरली. गावात जमावबंदी लागली की लोक म्हणायचे ‘१४४ लागलं’. आता १४४ म्हणजे बायकामुलांची पोटगी, आणि जमावबंदी १६३. उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकाराचं जुनं ४८२, त्याच आकड्याखाली आता अटकपूर्व जामीन बसला आहे. या गोंधळात चुकीच्या कलमाखाली अर्ज टाइप झाला तर कोर्ट हसून दुरुस्ती करू देतं. त्याने कोणी फासावर जात नाही. शिवाय १ जुलैच्या आधीच्या गुन्ह्यांना जुनीच दंडसंहिता लागणार असल्यामुळे पुढची कित्येक वर्षं दोन्ही पुस्तकं बॅगेत ठेवावी लागणार. तेवढी बॅग जड झाली, इतकंच.

खरा घात तक्त्याबाहेर आहे. तो सांगायला कोणी नव्हतं, कारण तक्ता दाखवून वक्ता निघाला होता.

साठ दिवसांचं घ्या. आरोपी कोठडीत असताना ठरलेल्या मुदतीत, म्हणजे गुन्ह्याप्रमाणे साठ किंवा नव्वद दिवसांत, पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क. गुन्हा किती गंभीर, पुरावा किती, काही बघायचं नाही. पण हा हक्क आपोआप पदरात पडत नाही. वकिलाने वेळेत अर्ज टाकावा लागतो. अर्जाआधी दोषारोपपत्र येऊन पडलं की हक्क गेला. आता दिवस मोजायचे कसे? रिमांडचा पहिला दिवस धरायचा की सोडायचा, यावर वर्षानुवर्षं वाद होता. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं, धरायचा.

भिंतीवरचं कालनिर्णय काढा. आरोपीला पहिलं रिमांड १ मार्चला मिळालं. १ मार्च धरला की मार्चचे एकतीस आणि एप्रिलचे एकोणतीस, झाले साठ. २९ एप्रिलपर्यंत दोषारोपपत्र नाही? मग ३० एप्रिलला सकाळी कोर्ट बसताच अर्ज आत. आता आपले वकीलसाहेब. यांना ज्या साली शिकवलं त्या साली पहिला दिवस सोडत असत. यांच्या बोटांवर साठावा दिवस ३० एप्रिलला येतो. हक्क १ मेपासून. १ मेला महाराष्ट्र दिन, सुट्टी. ‘दोन तारखेला टाकू अर्ज, काय घाई आहे?’ तपासी अधिकाऱ्याने मात्र ३० तारखेला दुपारी गठ्ठा शिरस्तेदाराच्या टेबलावर ठेवलेला असतो. पक्षकार त्यानंतर दोन वर्षं आत राहतो. त्याला कधीच कळत नाही की त्याची सुटका एका सकाळच्या अंतरावर होती. वकीलसाहेबांनाही कळत नाही. ते घरी म्हणतात, ‘केस स्ट्राँग होती पोलिसांची.’

या साठ-नव्वद दिवसांच्या कलमाची नवी आवृत्ती, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचं १८७, आणखी खोल आहे. पूर्वी पोलीस कोठडी मिळायची ती पहिल्या पंधरा दिवसांतच. सोळाव्या दिवशी घरचे लोक निर्धास्त व्हायचे, आता मारझोड नाही. आता तेच पंधरा दिवस पोलिसांना तुकड्यातुकड्याने, मुदतीप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत पसरून मागता येतात. एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, झाली म्हणून सुटकेचा निःश्वास टाकलेला आरोपी तिसऱ्या आठवड्यात पुन्हा लॉकअपमध्ये येऊ शकतो. रिमांडला उभं राहून ‘आधी किती दिवस वापरले, आता कशासाठी हवेत, रिमांड रिपोर्टात नवं काय’ हे विचारणारा वकील आता पूर्वीपेक्षा जास्त लागतो. आणि रिमांडला आपण पाठवतो कोणाला? सर्वांत नव्या ज्युनिअरला. सीनियर म्हणतात, ‘रिमांडच तर आहे, नाही म्हण आणि ये.’

आता उलटतपास. साक्षीदार कोर्टात म्हणतो, आरोपीच्या हातात कोयता होता. पोलिसांनी घेतलेल्या त्याच्या जबाबात कोयत्याचं नाव नाही. वकीलसाहेब बरोबर पकडतात. विचारतात, कोयत्याचं पोलिसांना सांगितलं होतं का? साक्षीदार म्हणतो, सांगितलं होतं. मग टाइप होते ती आपल्या कोर्टांची दुसरी अजरामर ओळ : ‘माझ्या जबाबात तसे का लिहिले नाही याचे कारण मला सांगता येणार नाही.’ वकीलसाहेब खूश. ओमिशन आलं! बार रूममध्ये चहा.

पण काम अर्धंच झालं. पोलिसांपुढचा जबाब हा पुरावा नव्हे. साक्षीदाराने तेव्हा कोयत्याचं सांगितलंच नव्हतं, हे सिद्ध करायला जबाब लिहून घेणारा अंमलदार साक्षीला येईल तेव्हा त्याच्या तोंडून ते वदवून घ्यावं लागतं. विसंगती असेल तर जबाबातला नेमका भाग दाखवून, ‘पोर्शन मार्क ए’ करून, त्याच्याकडून शाबीत करून घ्यावा लागतो. तो अंमलदार येतो वर्षा-दोन वर्षांनी, तोवर त्याची गडचिरोलीला बदली झालेली असते. त्या दिवशी सीनियर हायकोर्टात, ज्युनिअर नवा. तो अंमलदाराला सांगतो की तपास खोटा आहे. अंमलदार म्हणतो, हे म्हणणे खरे नाही. कोयत्याचं विचारायचं राहून जातं. निकालपत्रात एक ओळ येते : सदर ओमिशन तपासी अधिकाऱ्याकडून शाबीत करून घेतलेले नाही. जन्मठेप.

हे कुठल्या नव्या कायद्याने आणलेलं नाही. जुनं १६१-१६२, नवं १८०-१८१. पुरावा कायद्याचं १४५, आता साक्ष अधिनियमाचं १४८. पिढ्यान्‌पिढ्या हीच रीत आहे. आणि तरीही एका दुपारी, एका निकाली खटल्याची कागदपत्रं हातात देऊन, ज्युनिअरला उभं करून हे करून घेणारी कार्यशाळा माझ्या कानावर आलेली नाही. आली असेल तर कळवा, तुळशीचं रोप मी घेऊन येतो.

मोबाइल, सीसीटीव्ही, पेन ड्राइव्ह आल्यापासून तर आनंदच आहे. गंमत म्हणजे या विषयावरचा देशभर चालणारा निवाडा आपल्या जालन्याने दिला. २०१४ ची विधानसभा निवडणूक, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. उमेदवारी अर्ज मुदत उलटल्यावर भरला की आधी, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या चित्रीकरणावरून ठरवायचं होतं. त्या निमित्ताने २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मूळ उपकरण कोर्टात आणलं नाही तर पुरावा कायद्याच्या ६५-बीचं प्रमाणपत्र लागणारच. नव्या साक्ष अधिनियमात ते कलम ६३ झालं, प्रमाणपत्राचे दोन भाग झाले, एक सादर करणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, लिहायची आहे. जप्तीच्या वेळची हॅश आणि प्रयोगशाळेतली हॅश जुळते का, हा एक प्रश्न अख्खा पुरावा हलवू शकतो. पण आपल्या फौजदारीच्या पंढरीत हॅश म्हटलं की अजून लोकांना एनडीपीएसची, म्हणजे अमली पदार्थांची, केस आठवते.

ज्याच्या खिशात पैसे आहेत तो मुंबईहून वकील आणतो. ज्याच्याकडे नाहीत त्याचं काय होतं, ते मध्य प्रदेशातल्या खंडव्यात दिसलं. २०१३ साली एका बालिकेवरच्या अत्याचार आणि खुनाच्या खटल्यात, ज्या दिवशी आरोपीला कोर्टाकडून वकील मिळाला त्याच दिवशी दोषारोप निश्चित झाले. दोन आठवड्यांच्या आत खटला संपला आणि फाशी झाली. जलदगती म्हणून तेव्हा कौतुक करणारे कमी नव्हते. २०१९ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली आणि सांगितलं, जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात निदान दहा वर्षं वकिली केलेलाच वकील नेमा आणि त्याला तयारीला साधारणपणे निदान सात दिवस द्या. सात दिवस! हेही सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. पुढे फेरसुनावण्या होऊन २०२४ साली तो माणूस निर्दोष सुटला.

आणि हे फक्त खंडव्याचं नाही. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनजवळच्या २००३ सालच्या गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी झाली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानेच सहाही जणांच्या फाशीवर शिक्का मारला. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने आपला निकाल मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडच्या फोटोंतून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं. त्या दिशेने तपासच झाला नव्हता. सोळा वर्षांची भरपाई प्रत्येकी पाच लाख. पोलीस असे कागद स्वतःहून पुढे करत नाहीत, ते उकरून काढायचे असतात. आज सरकार पक्षाने न वापरलेल्या कागदांची यादीही आरोपीला मागता येते. मागणारा पाहिजे.

सरकारी मदतीच्या बाजूला काहीच हललं नाही असंही नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत पूर्ण वेळ पगारी बचाव वकील नेमायला सुरुवात केली. मुख्य वकिलाला दहा वर्षांचा फौजदारी अनुभव लागतो. कल्पना चांगली आहे. खासगी वकील ज्या कामाला ‘फुकटची केस’ म्हणून नाक मुरडायचा, ते काम करणारा निदान एक माणूस टेबलाशी सापडतो. देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी आहेत. त्यांतला पहिलटकर गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत राहिला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या नव्या ४७९ खाली सुटू शकतो. काही अपवाद आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे जुन्या कैद्यांनाही लागू केलं. अर्ज करायची जबाबदारी तुरुंग अधीक्षकाची. ती त्याने पाळली का, हे विचारायला तुरुंगात जायची जबाबदारी कोणाची?

‘मग वकिलांनाही प्रशिक्षणाच्या तासांची सक्ती करा’ असं कोणी म्हणेल. सांभाळून. अमेरिकेत बहुतेक राज्यांत ती आहे. टेक्सासमध्ये वर्षाला पंधरा तास. त्याच टेक्सासात फाशीच्या एका खटल्यात आरोपीचा वकील कोर्टात झोपा काढायचा. अपिलात तीन न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने म्हटलं, तो महत्त्वाच्या क्षणीच झोपला होता हे कुठे सिद्ध झालंय? अखेर २००१ साली पूर्ण पीठाने मान्य केलं की झोपलेला वकील म्हणजे वकील नसल्यासारखाच. इंग्लंडने सॉलिसिटरांचे तास मोजणं २०१६ साली सोडून दिलं. तास भरतात ते खुर्चीचे. आपल्याकडे सक्ती झाली तर सहभागाची प्रमाणपत्रं शनिवारी सकाळी छापून मिळतील आणि वक्त्याला यायचीही तसदी पडणार नाही.

तेव्हा बार असोसिएशनांनो, पुढच्या खेपेला शाल-श्रीफळाचा खर्च वाचवा. एक निवृत्त सत्र न्यायाधीश बोलवा, एक तपासी अधिकारी बोलवा, कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतला एखादा माणूस बोलवा, आणि ज्युनिअरऐवजी सीनियरांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यासमोर उभं करा. उद्घाटन नको. फोटो नको. जिलेबी असू द्या, ती शेवटी.

आणि वाचकहो, देव करो आणि तुमच्यावर वेळ न येवो. पण घरातलं कोणी पकडलं गेलंच, तर वकीलपत्रावर सही करण्याआधी फी विचाराल तशा दोन गोष्टी विचारा. साठ किंवा नव्वद दिवस कोणत्या तारखेला भरतात? आणि रिमांडला स्वतः येणार की ज्युनिअरला पाठवणार? वकीलसाहेब रागावले तर दुसरे बघा. पैसे नसतील तर १५१०० हा विधी सेवेचा फुकट फोन आहे, आणि तिथल्या वकिलालाही हेच दोन प्रश्न विचारा.